गाळात रुतलेली बाइक

मे महिन्यात नाशिकजवळच्या गंगापूर धरणाचं पाणी मागे सरतं आणि काठाची भेगाळलेली जमीन उघडी पडते. वरून पापडासारखी कडक, पण सुकलेला असतो तो फक्त वरचा थर. खाली काळं लोणी. हौसेने बाइक घातली आणि पाण्यापासून पन्नासेक पावलांवर मागचं चाक चेनपर्यंत आत.

घाबरून रेस पिळली, तिथेच चुकलो. चाक जागच्या जागी फिरून खड्डा आणखी खोल, वर क्लचचा जळका वास. शेळ्या चारणारे एक बाबा म्हणाले, "आधी गाडी निजव, मग उठव."

पेट्रोलचा कॉक बंद करून गाडी आडवी पाडली. चाक ‘फचक’ करून सुटलं. खड्ड्यात दगड आणि वर बेशरमाच्या फांद्या दाबल्या. मागच्या टायरची हवा निम्मी केली; टायर पसरला की कमी रुततो. गाडी उभी करून पाचेक मिनिटं थांबलो. मग सीटवर न बसता, शेजारी चालत, पहिल्या गिअरमध्ये हळूहळू क्लच सोडला. बाबांनी मागून रेटलं आणि धोतरासकट माखले.

गिरणारे गावापर्यंत रमतगमत आलो, हवा भरली, चेन धुऊन ऑइल घातलं. बाबांनी पैसे नाकारले, तंबाखूची पुडी मात्र घेतली.