जुना आरपीजी कोड: एसईयूमध्येच राहायचं की व्हीएस कोडवर जायचं?

आयबीएम आय या आयबीएमच्या बिझनेस सर्व्हर सिस्टिमवर आरपीजी भाषेत काम करणाऱ्या टीममध्ये नवीन माणूस आला की हा वाद ठरलेलाच, जुने म्हणतात एसईयूवर (त्या सिस्टिमचा जुना एडिटर) हात बसलाय, कशाला बदलायचं, आणि नवीन म्हणतो त्या हिरव्या स्क्रीनवर मला काही सुचतच नाही. माझं मत सांगू का, एडिटरवरून भांडायच्या आधी आपला सोर्स उघडून बघा, अर्धं उत्तर तिथेच मिळतं.

कोड फिक्स्ड फॉरमॅटमधला आहे का ते बघा, म्हणजे सहाव्या कॉलममध्ये सी, ऑपकोड (म्हणजे काय करायचं ती आज्ञा) २६ व्या कॉलमपासून, फॅक्टर टू (ती कशावर चालवायची) ३६ पासून, सगळं खाचेत बसवलेलं. असा कोड असेल आणि वर्षातून चारदोन ओळीच बदलायच्या असतील तर एसईयू अजूनही मस्त चालतं. एफ४ दाबलं की प्रॉम्प्ट येतो, प्रत्येक गोष्ट आपल्या कॉलममध्ये बसते, डाव्या बाजूला सीसी लिहून ब्लॉक कॉपी, डीडी लिहून डिलीट, सवय असलेल्या माणसाचा स्पीड बघत राहावा असा असतो.

पण फ्री फॉर्म, म्हणजे कॉलमच्या खाचा न पाळता लिहायचं असेल तर गोष्ट वेगळी. एसईयूचा सिंटॅक्स चेकर आयबीएम आयच्या ६.१ व्हर्जनवरच थांबलाय, ७.१ पासून म्हणजे २०१० नंतर आरपीजीत जे जे आलं ते त्याला कळतच नाही. २०१३ मध्ये फ्री फॉर्म डिक्लरेशन आली, २०१५ मध्ये पहिल्या ओळीत दोन स्टार आणि फ्री लिहून अख्खा प्रोग्राम मोकळा लिहायची सोय झाली, आणि एसईयू मात्र व्हेरिएबल डिक्लेअर करणारी डीसीएल-एस ची अगदी बरोबर ओळ पण चूक म्हणून दाखवतो. मग लोक काय करतात, चेकिंगच बंद करून टाकतात, आणि मग खऱ्या चुका पण दिसायच्या बंद होतात. इथे माझ्या मते एसईयू सोडायलाच हवं.

सोडून जायचं कुठे, तर आरडीआय (आयबीएमचा स्वतःचा एडिटर) किंवा व्हीएस कोड (मायक्रोसॉफ्टचा फुकट एडिटर). आरडीआय एक्लिप्स या ओपन सोर्स प्लॅटफॉर्मवर चालतं, लायसन्सचे पैसे लागतात, मशीनमध्ये रॅम चांगली हवी, पण डीबगर आणि स्क्रीन डिझायनर एकाच जागी मिळतात, त्यामुळे डिस्प्ले फाइलचं (म्हणजे प्रोग्रामच्या स्क्रीनचं)काम खूप असेल तर त्याचा विचार जरूर करा. व्हीएस कोडवर 'कोड फॉर आयबीएम आय' नावाचं ओपन सोर्स एक्स्टेंशन टाकलं की फुकटात काम सुरू होतं, फक्त सर्व्हरवर एसएसएच (बाहेरून सुरक्षित कनेक्ट व्हायची सोय) चालू असायला हवं, ते ॲडमिनला सांगा, आणि आपल्या यूजर प्रोफाइलचा सीसीएसआयडी (अक्षरं कुठल्या कोडमध्ये साठवायची तो नंबर) ६५५३५ नाहीये ना हे पण त्यालाच बघायला सांगा, नाहीतर अक्षरांचा गोंधळ होतो.

आता खरी टेस्ट. एक जुना प्रोग्राम टेस्ट लायब्ररीत कॉपी करा, नवीन एडिटरमध्ये उघडा, एखादी कॉमेंट बदला, सेव्ह करा आणि मूळ सोर्सशी ओळ न ओळ ताडून बघा. तीन गोष्टी नीट बघायच्या. एक, एसईयूमध्ये प्रत्येक ओळीला बदल केल्याची तारीख चिकटलेली असते, ऑडिटला ती लागत असेल तर एक्स्टेंशनमध्ये सोर्स डेटचं सेटिंग चालू करा. दोन, पूर्वी कोणी कॉमेंटला रंग देण्यासाठी हेक्स कॅरेक्टर घुसवले असतील तर ते नवीन एडिटरमध्ये वेडेवाकडे दिसू शकतात, आणि हे रंगवायचं वेड बऱ्याच ठिकाणी होतं. तीन, सोर्स फाइलची रेकॉर्ड लेंथ ९२ असेल तर त्यातले १२ नंबर आणि तारखेचे, म्हणजे कोडला ८० च कॉलम, त्याच्यापुढे लिहिलेलं मावणार नाही. शिवाय दोघांनी एकच मेंबर (सोर्स फाइलमधला एक प्रोग्राम) एकदम उघडून बघा, कोणाचं काम कोणावर चढतंय का ते कळेल.

एवढं झालं की कंपाइल करा. जुन्या पद्धतीत स्पूल फाइल (कंपायलरने काढलेला रिपोर्ट) उघडायची, खाली खाली जात एरर शोधायची, परत सोर्समध्ये तो ओळ नंबर गाठायचा. नवीन एडिटरमध्ये एररवर क्लिक केलं की थेट त्या ओळीवर, आणि मला विचाराल तर बदलायचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे.

मेनफ्रेमवर कोबॉल असेल तर हाच हिशोब आयएसपीएफ (तिथला जुना एडिटर) आणि झोवे एक्सप्लोरर (व्हीएस कोडचं एक्स्टेंशन) यांच्यात लावा, फक्त व्हीएस कोडमध्ये ७२ व्या कॉलमवर रूलर लावा आणि टॅबच्या जागी स्पेस पडेल असं सेटिंग करा, कारण फिक्स्ड कोबॉलमध्ये ७३ पासून पुढचं कंपायलर बघतच नाही, फुलस्टॉप ७३ वर गेला की तो नसल्यासारखाच आणि मग आयएफ कुठे संपतोय हे शोधत बसायचं.

एसईयू पूर्ण विसरायचं मात्र नाही. रात्री प्रॉडक्शन अडकलंय, नेट रडतंय, हातात फक्त ५२५० ची, म्हणजे तीच हिरवी टर्मिनल स्क्रीन आहे, अशा वेळी तेच कामाला येतं, म्हणून नवीन पोरांना पण पीडीएमचे (हिरव्या स्क्रीनवरची मेंबरची यादी) ऑप्शन २ (बदल) आणि ५ (फक्त बघणं) आणि चारपाच लाइन कमांड शिकवून ठेवा. आणि एखादा प्रोग्राम पूर्ण फ्री केला की सुरुवातीच्या कॉमेंटमध्येच लिहा की हा एसईयूत ऑप्शन ५ ने फक्त बघा, बदल नवीन एडिटरमधूनच करा.