बेळगावात राहून सीएसएसडी टेक्निशियन कसं व्हावं

खानापूर, निपाणी, चिकोडीकडची मुलं दहावी-बारावी झाली की बेळगावात येतात ती नर्सिंग किंवा लॅब टेक्निशियन डोक्यात धरून. ऑपरेशनच्या कात्र्या, चिमटे, ड्रेप, गाऊन धुऊन निर्जंतुक करून देणारा सीएसएसडी (सेंट्रल स्टराइल सप्लाय डिपार्टमेंट) विभाग पेशंटला कधी दिसतच नाही, म्हणून तिथली नोकरीही कुणाच्या लक्षात येत नाही. शस्त्रक्रिया होतात अशा प्रत्येक ठिकाणी हे काम कुणीतरी करतंच. नेहरूनगरचं केएलई किंवा सरकारी बिम्ससारख्या मोठ्या इस्पितळांत त्यासाठी वेगळा विभाग लागतो. छोट्या नर्सिंग होममध्ये ओटीचा (ऑपरेशन थिएटरचा) ब्रदर किंवा मावशीच ते उरकतात.

१. शिक्षणाची वाट ठरवा

फक्त सीएसएसडीचा म्हणून कोर्स आपल्या भागात शोधत बसू नका. बहुतेक लोक ऑपरेशन थिएटर टेक्नॉलॉजीच्या डिप्लोम्यातून इकडे येतात. कर्नाटकात हा डिप्लोमा पॅरामेडिकल बोर्डाकडे आहे. दहावीनंतरही करता येतो, बारावी सायन्स असेल तर वेळ कमी लागतो. पुढे बीएस्सीही आहे. प्रवेश घेण्याआधी कॉलेजकडे बोर्डाची मान्यता कागदावर दाखवा म्हणा. ‘होईल, प्रोसेसमध्ये आहे’ असं उत्तर मिळालं तर फी भरू नका. या व्यवसायांसाठी २०२१ मध्ये केंद्राचा स्वतंत्र कायदा झाला आहे, त्यामुळे बिनमान्यतेचं सर्टिफिकेट पुढे नोंदणीच्या वेळी आडवं येईल.

डिप्लोमा परवडत नसेल तर खासगी इस्पितळात सीएसएसडी अटेंडंट म्हणून लागता येतं. पगार कमी, कपडे-ट्रे उचलायचं काम जास्त. पण हात बसतो. मला विचाराल तर घरची ओढाताण असेल त्यांनी हीच वाट धरावी आणि डिप्लोम्याचं नंतर बघावं.

मराठी माध्यमातून आलेल्यांनी कन्नड टाळू नये. खासगी इस्पितळात मराठी, कन्नड, हिंदी अशी सरमिसळ चालते. राज्य सरकारच्या भरतीत मात्र कन्नडची अट असते. रजिस्टर इंग्रजीत लिहावं लागतं, तेवढं इंग्रजी येतंच.

२. इस्पितळ पारखून घ्या

पहिल्या नोकरीतल्या सवयी जात नाहीत, म्हणून हे महत्त्वाचं. इंटरव्ह्यूला गेलात की विभाग पाहू द्या म्हणून विनंती करा. वापरलेला माल एका दाराने आत येतो आणि निर्जंतुक माल दुसऱ्याच खिडकीतून बाहेर जातो का? धुण्याची जागा, पॅकिंगची जागा आणि स्टोअर वेगवेगळं आहे का? घाण ट्रे आणि तयार सेट एकाच टेबलावर दिसले, तर तिथे मशीन कितीही महागडं असो, शिकायला जाऊ नका.

३. धुण्यापासून सुरुवात करा

नवीन माणसाला ऑटोक्लेव्हचं, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या मशीनचं, आकर्षण असतं. इनचार्जना सांगून आधी धुण्याच्या बाजूला ड्यूटी घ्या. रक्त वाळून बसलेल्या आर्टरी फोर्सेप्सवर (रक्तवाहिनी दाबून धरायच्या चिमट्यावर) वाफ कितीही सोडा, त्या थराखालचे जंतू सुरक्षित राहू शकतात. स्वच्छ न झालेली वस्तू निर्जंतुक होत नाही, सगळं काम या एका गोष्टीवर उभं आहे.

एक आर्टरी हातात घ्या. तिचा खटका पूर्ण उघडा. बिजागरीच्या सांध्यात आणि टोकाच्या दातऱ्यांत घाण अडकते, बाकीचा दांडा आपोआप निघतो. एन्झाइमचं द्रावण कंपनीने सांगितलं तितक्याच प्रमाणात आणि तितकंच कोमट हवं. उकळत्या पाण्यात टाकलंत तर रक्तातली प्रथिनं गोठून धातूला चिकटतात. ब्रश पाण्याखालीच चालवायचा, वर काढून घासलं की शिंतोडे तोंडावर. सक्शनच्या नळीसारख्या पोकळ वस्तूत आतून ब्रश फिरवून, पाणी आरपार सोडून बघायचं. मग वाळवून, भिंगाखाली तपासून, सांध्याला वंगण देऊन पॅकिंगकडे.

त्याच काळात एक वही करा. अ‍ॅलिस, बॅबकॉक, मेयो कात्री, नीडल होल्डर, प्रत्येकाचं चित्र काढून नाव लिहा आणि कोणत्या सेटमध्ये किती जातात ते मांडा. सिझेरियनच्या सेटमध्ये एक नग कमी गेला तर ऑपरेशन अडतं, आणि फोन तुम्हालाच येतो.

४. मशीन समजून घ्या

वाफेच्या ऑटोक्लेव्हचं तत्त्व घरच्या कुकरचंच आहे, फक्त इथे आतली हवा आधी पूर्ण बाहेर काढावी लागते. हवेचा कप्पा राहिला तर तिथे वाफ पोचत नाही. म्हणून व्हॅक्यूमच्या मशीनमध्ये रोज पहिली फेरी रिकाम्या चेंबरमध्ये बोवी-डिक टेस्टची लावतात. १२१ अंश सेल्सिअसला किमान १५ मिनिटं, १३४ अंशाला किमान ३ मिनिटं, हे आकडे इंटरव्ह्यूत विचारतातच. ही वेळ सामानाने ते तापमान गाठल्यापासून मोजायची, बटण दाबल्यापासून नाही. भरगच्च गुंडाळलेल्या सेटना आणि साध्या मशीनना जास्त वेळ लागतो, तेव्हा मशीनचं पुस्तक वाचा.

पाकिटावरच्या टेपवर काळ्या रेषा उमटल्या म्हणजे माल निर्जंतुक झाला, असं जुने लोकही म्हणतात. ते खरं नाही. टेप फक्त एवढंच सांगते की पाकीट वाफेत जाऊन आलं. आतला केमिकल इंडिकेटर आणि जिवंत बीजाणूंची बायोलॉजिकल टेस्ट हाच खरा पुरावा.

उष्णता न सोसणारं सामान ईटीओ (एथिलीन ऑक्साइड) गॅसवर किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड प्लाझ्मावर जातं. ईटीओ विषारी आहे. एअरेशन, म्हणजे सामानात मुरलेला गॅस हवेने काढणं, पुरं होण्याआधी कुणी सर्जन ओरडला तरी पाकीट देऊ नका. प्लाझ्मात कापड किंवा कागदाचं वेष्टण चालत नाही.

बेळगावच्या पावसाळ्यात आणखी एक काळजी. ओलं निघालेलं पाकीट बाद, ते पुन्हा नव्याने पॅक करून लावायचं. गरम पाकिटं थंड फरशीवर ठेवू नका. स्टोअरची आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका, आणि रॅक भिंतीपासून जरा लांब ठेवा.

५. स्वतःला जपा

रुजू होण्याआधी हिपॅटायटिस बी ची लस सुरू करा, ० ते ६ महिन्यांत तीन डोस. धुताना जाड हातमोजे, गॉगल, प्लास्टिकचा एप्रन. ट्रेमध्ये ब्लेड विसरलेलं असू शकतं, तेव्हा हात घालण्याआधी नजर घाला. टोचलंच तर साबण-पाण्याने धुऊन ताबडतोब इनचार्जना कळवा, नोंद करा.

६. पुढची तजवीज

दोनेक वर्षांनी मिरज, कोल्हापूर, गोवा ही बाजारपेठ हाताशी आहे. परदेशाचं मनात असेल तर सीएसएसडी टेक्निशियनच्या अमेरिकेतल्या सीआरसीएसटी सर्टिफिकेटसाठी परीक्षेबरोबर ४०० तासांचा प्रत्यक्ष अनुभव दाखवावा लागतो, म्हणून कामाच्या नोंदी पहिल्या दिवसापासून ठेवा. नोकरी सोडताना अनुभव-पत्रावर नुसतं ‘ओटी स्टाफ’ लिहून घेऊ नका. सीएसएसडी हे नाव, कोणती मशीन चालवलीत आणि कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, एवढं त्यात आलंच पाहिजे.