साताऱ्यात राहून एलएलबी आणि आयआर, दोन्ही एकदम
ग्रॅज्युएशन झालंय, वकिली पण करायचीय आणि इंटरनॅशनल रिलेशन्स (आयआर, म्हणजे आंतरराष्ट्रीय संबंध) पण शिकायचंय, तर लगेच पुण्याला पळू नका. आधी 3 वर्षांच्या एलएलबीची सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, द्या, साताऱ्यातच इस्माईलसाहेब मुल्ला लॉ कॉलेज आहे, तिथं बघा. सोबत इग्नू या मुक्त विद्यापीठाचं आयआरमधलं एमए, 2 वर्षांचं, घरबसल्या.

विद्यापीठांचे नियम ठरवणाऱ्या यूजीसीने 2022 मध्ये दोन डिग्र्या एकदम करायला परवानगी दिली खरी, पण मेख वकिलीच्या शिक्षणाचे नियम करणाऱ्या बार कौन्सिलची आहे, त्यांच्या नियमात एलएलबीसोबत दुसरी रेग्युलर डिग्री चालत नाही, डिस्टन्सवाली चालते, त्यामुळे दोन्हीकडे रोज कॉलेजला जायचा प्लॅन असेल तर सोडाच. लॉला 70 टक्के अटेंडन्स लागतो, कोरेगावहून येणाऱ्यांनी आधी एसटीचा पास काढा. इग्नूच्या असाइनमेंट शेवटच्या रात्री लिहू नका, मी लिहिल्यात, हात पार मोडून येतो.