अनोळखी माणसांत कॅमेरा काढताना

रस्त्यावर अनोळखी माणसांचे फोटो काढायला लागणारे बरेच जण आधी झूम लेन्स घेतात. लांबून काढला की कुणाला कळणार नाही, हा हिशोब. माझं मत उलट आहे. कोपऱ्यातून २०० मिमीची लांब लेन्स रोखून बसलेला माणूसच लोकांच्या डोळ्यांत खुपतो. शिवाय आपण लपून काढतोय हे आपल्यालाही माहीत असतं, त्यामुळे भीड चेपायच्या ऐवजी वाढते. २८ किंवा ३५ मिमीची छोटी लेन्स लावा, नाहीतर फोन घ्या, आणि माणसांत जा.

जा म्हणजे भटकत सुटा असं नाही. इंदुरात सुरुवातीला मी शीतलामाता बाजार सुचवेन. दुपारी साड्यांच्या दुकानांमधून उन्हाचा पट्टा उतरला की तिथेच थांबायचं. एक्स्पोजर, म्हणजे फोटो किती उजळ यावा ते, उन्हावर ठरवायचं, सावली काळी पडली तर पडू द्यायची, आणि कुणीतरी त्या पट्ट्यात येईपर्यंत वाट बघायची. थोड्या वेळानं दुकानदारांना तुमचं अप्रूप राहत नाही.

फोकस आधीच बांधून ठेवा. फुल फ्रेमवर (म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) ३५ मिमी लेन्स, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/८, अंतर ३ मीटर एवढं ठरवलं की साधारण २ ते ७ मीटरमधलं सगळं ठीक स्पष्ट येतं. चालत्या माणसासाठी शटर १/२५० सेकंद, आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ते) ऑटोवर. तीन मीटर नजरेत बसवायला घरातल्या फरशा कामाला येतात: दोन फुटी टाइल्स असतील तर पाच मोजा.

रात्री सराफ्यात हे गणित चालत नाही. सोन्याचांदीची दुकानं बंद झाली की त्यांच्याच ओट्यांपुढे खाण्याचे ठेले लागतात, आणि उजेड असतो तो फक्त त्यांच्या दिव्यांचा. एफ/२, १/१२५, आयएसओ ३२०० पासून सुरू करा. थंडीत गराडूवाल्यापाशी उभे राहा; गराडू म्हणजे तळून खायचा कंद. तो तुकडे कढईतून काढतो, वर जीरावन मसाला भुरभुरतो, लिंबू पिळतो, आणि वाफ दिव्याच्या उजेडात वर चढते. कॅमेरा मात्र दिवा बघून चेहरे काळे करतो. एक पाऊल सरकून दिवा त्याच्या डोक्याआड घ्या, किंवा एक्स्पोजर एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, वाढवा. आणि आधी एक प्लेट घ्या हो! गिऱ्हाईकानं फोटो काढला तर कुणी वळूनही बघत नाही.

तरी कुणी बघतंच. अशा वेळी कॅमेरा झटकन खाली घेऊन आकाशाकडे पाहू नका, त्यानंच संशय येतो. नजर भिडली की हसायचं, मान हलवायची. इंदुरी माणूस बहुधा एवढंच विचारतो, "भिया, फोटू किधर छपेगा?" खरं ते सांगा. एकदा एका काकूंनी माझ्याकडे बघून थेट मराठीतच विचारलं, "काय रे, माझा काढलास का?" म्हटलं, "हो काकू, बघा ना." त्यांनी स्क्रीन जवळ घेतली, पदर सारखा केला आणि दुसरा काढायला लावला. तो दुसरा अगदीच लग्नाच्या अल्बमसारखा आला, पण त्यांना तोच आवडला.

नको म्हणाले तर त्यांच्यासमोर डिलीट करा, वाद घालू नका. लहान मुलांचा काढायचा तर सोबतच्या मोठ्यांना विचारा. फुटपाथवर झोपलेल्यांचे मी काढत नाही. त्यांना नको म्हणायची संधीच नसते.

रंगपंचमीच्या गेरपासून, म्हणजे इंदुरातल्या रंगांच्या मिरवणुकीपासून, सुरुवात करू का, असं नवे लोक हमखास विचारतात. त्या दिवशी राजवाड्यापाशी हरकत कुणी घेत नाही हे खरं, पण टँकरचं रंगीत पाणी आणि गुलाल कॅमेऱ्याची गय करत नाहीत. ओळखीतून एखादी गच्ची मिळाली तर वरून काढा. खाली उतरायचंच असेल तर जुना फोन प्लास्टिकच्या पिशवीत बांधून न्या, आणि कॅमेरा नेलाच तर तिथे लेन्स बदलायचा विचारही करू नका.