निवृत्तीनंतरही न सुटणारा ‘शेप-वन’: माजी सैनिक, पोलीस आणि अग्निशामकांनी समुपदेशन कसे सुरू करावे

सैन्यात जवानाची वैद्यकीय श्रेणी ‘शेप’ (SHAPE) या इंग्रजी शब्दातील पाच अक्षरांनी ठरते, ‘शेप-वन’ म्हणजे पूर्ण तंदुरुस्त, आणि त्यांतले पहिलेच अक्षर, ‘एस’, मानसिक स्थितीचे असते. श्रेणी घसरली की बढती आणि पोस्टिंग या दोहोंवर परिणाम होतो. त्यामुळे झोप लागत नाही हे डॉक्टरांपासून लपवण्याची सवय नोकरीतच लागते आणि पेन्शनबरोबर ती घरीही येते. पोलीस आणि अग्निशमन दलात ही अक्षरे नसली, तरी भीती तीच असते. म्हणून आधी एवढे स्पष्ट करून घ्यावे, की निवृत्त माणसाला आता कोणतीही श्रेणी टिकवायची नाही आणि मानसोपचार घेतल्यामुळे त्याची पेन्शन थांबत नाही. जे अजून सेवेत आहेत, त्यांनी आपली नोंद कोणाकडे जाणार हे पहिल्याच भेटीत विचारावे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ नुसार रुग्णाला गोपनीयतेचा हक्क आहे. मात्र स्वतःच्या किंवा इतरांच्या जिवाला धोका असल्यास त्याला अपवाद होतो.

बोलण्याची सुरुवात झोपेपासून करावी. ‘तुम्हाला मानसिक त्रास आहे’ असे म्हटले की सुभेदारसाहेब वर्तमानपत्र उघडून बसतात. ‘रात्री दोनला उठून तीनदा फाटकाची कडी तपासता, एकदा डॉक्टरांना विचारू या’ असे म्हटले तर गोष्ट पुढे सरकते. दोन आठवडे एका वहीत साध्या नोंदी कराव्यात: किती वाजता आडवे झाले, कितीदा जाग आली, कॅन्टीनच्या कोट्यातली दारू किती घेतली, आणि कुकरची शिट्टी, फटाका किंवा जळक्या रबराचा वास यांपैकी कशाने दचकायला झाले. ज्याला तोंडाने सांगणे जड जाते, त्याने ती वहीच डॉक्टरांपुढे ठेवावी. एखाद्या प्रसंगानंतर काही दिवस असे होणे स्वाभाविक आहे. महिना उलटूनही ते ओसरत नसेल आणि घर किंवा काम बिघडत असेल, तर थांबू नये.

माजी सैनिकाने ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) पॉलिक्लिनिकमधील वैद्यकीय अधिकाऱ्याकडून मनोविकारतज्ज्ञासाठी रेफरल घ्यावा. इतरांसाठी जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग आहे, आणि घराबाहेर पडण्याचीच तयारी नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर मराठीतून बोलता येते. औषध मनोविकारतज्ज्ञ देतात. बोलून केलेल्या उपचारासाठी भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेले चिकित्सा मानसशास्त्रज्ञ शोधावेत आणि आघातातून आलेल्या त्रासावर त्यांनी काम केले आहे का, हे निःसंकोच विचारावे. ‘सकारात्मक राहा’ एवढेच सांगणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाण्याचे कारण नाही.

पहिल्याच दिवशी सगळे सांगावे लागत नाही. माळीणमध्ये २०१४ साली किंवा इर्शाळवाडीत २०२३ साली कोसळलेल्या दरडीचा ढिगारा उपसला गेला, तशा कामावरून परतलेल्या माणसाला लगेच समोर बसवून प्रत्येक तपशील वदवून घेणे तर टाळावेच. नियमित उपचारात आधी श्वास आणि झोप यांवर काम होते, मग टाळलेली आठवण तज्ज्ञाच्या सोबतीने हळूहळू उलगडली जाते. त्या टप्प्यावर काही दिवस स्वप्ने वाढू शकतात आणि नेमके तेव्हाच अनेक जण येणे सोडतात. घरच्यांना याची आधीच कल्पना द्यावी.

दोन बाबतींत मात्र ढिलाई नको. रोज भरपूर दारू घेणाऱ्याने ती एकाएकी बंद केल्यास फिट येऊ शकते, म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी. दुसरी बाब बंदुकीची. निवृत्तीनंतर सुरक्षारक्षकाची नोकरी करणाऱ्या अनेकांकडे परवान्याची बारा बोअर असते. मनात मरणाचे विचार येत असतील, तर ती परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात जमा करण्याची व्यवस्था त्याच दिवशी करावी, माणसाला एकटे सोडू नये आणि ११२ वर फोन करण्यास कचरू नये.

पहिल्या भेटीला सोबत कोणी यावे, हे ज्याचे त्याने ठरवावे. खोलीत शिरल्यावर दाराकडे पाठ करून बसवत नसेल, तर तसे सांगावे. हे काम जाणणारा समुपदेशक कारण न विचारता खुर्ची फिरवून देतो.