ईव्हीचे ब्रेक वाजतात तेव्हा: गॅरेजमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

औंधच्या आयटीआयमधून मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण करून मी सहा वर्षे पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांवर काम केले आणि मग इलेक्ट्रिक गाड्यांकडे वळलो. कॅलिपर खोलणे, पॅड बदलणे, ब्लीडिंग करणे हे तुम्हाला येते, असे मी गृहीत धरतो. मलाही ते येत होते. मोटर आणि बॅटरी नवी असली तरी ब्रेक तर तेच आहेत, या खात्रीनेच मला फसवले.

पावसाळ्यात आंबेगाव पठारावर राहणाऱ्या एका शिक्षिका बाईंची गाडी आमच्याकडे आली. “दादा, सकाळी शाळेला निघाले की सोसायटीच्या उतारावरच पुढून कर्कश आवाज येतो, दुपारी परत येताना काहीच नसतं,” असे त्यांनी अगदी नीट सांगितले होते. मी दुपारी ट्रायल घेतली, आवाज आला नाही, पण पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा चकाकत होता म्हणून नाना पेठेतून नवा जोड आणून बसवला. पंधरा दिवसांत गाडी परत आली. मी पॅडची कंपनी बदलली. बाई तिसऱ्यांदा आल्या तेव्हा जॉब कार्डवर माझ्याच अक्षरात दोनदा ‘आवाज आढळला नाही’ असे लिहिलेले होते. ते वाचून त्या एवढेच म्हणाल्या, “एकदा सकाळी सात वाजता घरी या.”

मी गेलो. गाडी रात्रभर चार्जिंगला लावलेली होती आणि पडद्यावर 100 टक्के दिसत होते. उतारावरच्या पहिल्याच वळणावर ब्रेक दाबला आणि पत्रा खरवडल्यासारखा आवाज आला. त्या वेळी पडद्यावरचा रिजनचा, म्हणजे वेग कमी करताना मोटरकडून बॅटरीत परत जाणारी वीज दाखवणारा, पट्टा जागचा हललाही नव्हता.

इथे थांबून नीट समजून घ्या, कारण माझे दोन महिने याच एका गोष्टीत गेले. चालत्या गाडीचा वेग कमी करताना मोटर जनरेटरसारखी चालते आणि वीज बॅटरीत परत पाठवते. बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर त्या विजेला जागाच नसते, म्हणून गाडी रिजन कमी करते किंवा बंद करते आणि सगळा भार पॅड व डिस्कवर येतो. दुपारी बॅटरी 70 टक्क्यांवर असताना मी घेतलेल्या ट्रायलमध्ये गाडी बहुतांश मोटरच थांबवत होती. ज्या ब्रेकची मी परीक्षा घेत होतो, ते जवळजवळ कामच करत नव्हते. रिजनची पातळी शून्यावर आणली की काम झाले, असेही समजू नका. काही गाड्यांत ती पातळी फक्त ॲक्सिलरेटर सोडल्यावरच्या रिजनपुरती असते, आणि ब्रेकचे पेडल दाबले की गाडी आधी मोटरकडूनच काम करून घेते व पॅड नंतर लावते. म्हणून ट्रायल भरलेल्या बॅटरीवरच घ्या. ते शक्य नसेल तर मोकळ्या, सपाट रस्त्यावर, कमी वेगात, गाडीचे मॅन्युअल वाचून न्यूट्रलमध्ये ब्रेक दाबून पाहा. कात्रजच्या घाटात न्यूट्रलचा प्रयोग कधीही करू नका.

चाक काढल्यावर कारण समोर दिसले. आतला पॅड बराच झिजलेला आणि बाहेरचा जवळजवळ नवा, म्हणजे कॅलिपर सरकतच नव्हता. खालची स्लाइड पिन हाताने हलेना. पान्याने फिरवून बाहेर काढली तेव्हा तिच्यावर तांबूस गंजाचा थर होता आणि रबर बूट फाटलेले होते. ईव्हीत बहुतांश काम मोटर करत असल्याने ब्रेक क्वचितच तापतात, त्यामुळे आत शिरलेले पाणी वाळत नाही. पिना आणि ब्रॅकेटमधल्या पॅडच्या खाचा गंजतात. पॅड दोनदा बदलताना मी त्या पिनांना हातही लावला नव्हता.

आता थोडा धीर देतो. रात्रीच्या पावसानंतर सकाळी पहिल्या दोन-तीन ब्रेकला होणारी खरखर हा डिस्कवरचा वरवरचा गंज असतो आणि तो आपोआप निघून जातो. त्यासाठी ग्राहकाकडून पैसे घेऊ नका. ब्रेक न दाबताही सतत घासत असेल तर डिस्कमागचा पत्रा वाकला आहे का, खडा अडकला आहे का, ते आधी पाहा. चाकाच्या फेऱ्यांबरोबर कमी-जास्त होणाऱ्या आवाजासाठी डायल गेज लावून डिस्क वाकडी फिरते का ते मोजा.

मात्र पॉलिश पेपरने पॅड घासून, मागे ग्रीस फासून गाडी परत देणारे वस्ताद मला अजिबात पटत नाहीत. आवाज आठ दिवस दबतो आणि अडकलेली पिन तशीच राहते. आठ दिवसांच्या ईव्ही कोर्सच्या प्रमाणपत्रापेक्षा, ग्राहकाचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेणाऱ्या वस्तादाच्या हाताखाली तीन महिने काढलेले मी चांगले मानतो.

दोन गोष्टींत हयगय चालणार नाही. बॅटरी गाडीच्या पोटाखाली असते, म्हणून जॅक फक्त ठरलेल्या जागीच लावा. ब्रेकचा बूस्टर किंवा पार्किंग ब्रेक इलेक्ट्रिक असेल तर कॅलिपर खोलण्याआधी गाडी सर्व्हिस मोडमध्ये, म्हणजे ब्रेकची यंत्रणा आपोआप दाब देणार नाही अशा दुरुस्तीच्या अवस्थेत, घ्या; दार उघडताच काही गाड्यांची यंत्रणा जागी होऊन दाब देते, आणि तेव्हा बोट आत असले तर ते चिरडते.

पिनांना सिलिकॉनचे ब्रेक ग्रीसच लावा. साध्या ग्रीसने रबर फुगते आणि पिन पुन्हा अडकते. नवे पॅड बसवल्यावर रिजन लागणार नाही अशा अवस्थेत 50 वरून 10 च्या वेगापर्यंत, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा ब्रेक दाबून ते डिस्कवर बसवून घ्या. बाईंच्या गाडीला पिना, बूट आणि पॅड नवे घातले, डिस्कची जाडी मोजून तीच ठेवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी पुन्हा त्यांच्या सोसायटीत गेलो. बॅटरी 100 टक्के होती. उतार संपेपर्यंत बाई काही बोलल्या नाहीत, मग त्यांनी काच खाली करून आणखी दोनदा ब्रेक दाबून पाहिला.