नवा लॅपटॉप तापतोय, अडकतोय? आधी या चुका टाळा

उन्हाळ्यात कोल्हापुरात राजारामपुरीतल्या कुठल्याही दुरुस्तीच्या दुकानात थोडा वेळ थांबा, हे ऐकू येतंच: "दादा, परवाच घेतलाय, पण लई तापतोय बघा. खराब पीस गळ्यात मारला वाटतं." तपासायला घेतलं की बऱ्याचदा लॅपटॉप ठणठणीत निघतो. बिनसलेलं असतं दुसरंच काहीतरी, आणि तोवर गिऱ्हाइकानं यूट्यूब बघून चार उपाय करून ठेवलेले असतात.

पहिल्या दोन-तीन दिवसांतल्या वागण्यावरून निकाल लावू नका. नवा विंडोज लॅपटॉप इंटरनेटला जोडला की अपडेट उतरवतो, फायलींचं इंडेक्सिंग म्हणजे शोधासाठी यादी करतो, विंडोजचा अँटिव्हायरस डिफेंडर सगळी डिस्क चाळतो, वनड्राइव्ह फोटो इंटरनेटवर चढवत बसतं. पंखा घोंघावणारच. एक रात्र चार्जरला लावून, झाकण उघडं ठेवून, स्लीप बंद करून त्याला काम उरकू द्या. अपडेट अर्ध्यात असताना वैतागून पॉवर बटण दाबून धरणं मात्र महागात पडतं.

त्यानंतरही रडत असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा. परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर, म्हणजे प्रोसेसरवर जा. बहुतेक जण नुसते टक्के बघतात. त्याखालचा 'स्पीड' आणि बाजूचा 'बेस स्पीड' (प्रोसेसरचा ठरलेला मूळ वेग) जास्त बोलका असतो. वापर १०० टक्के आणि स्पीड बेसच्या वर, म्हणजे प्रोसेसर राबतोय. कुठला प्रोग्रॅम राबवतोय ते शोधा. वापर भरपूर पण स्पीड बेसच्याही खाली घसरलेला, तर बहुधा उष्णतेमुळे प्रोसेसरनं स्वतःच हात आखडता घेतलाय. सीपीयू निवांत आणि मेमरी ९० टक्क्यांवर, तर दुखणं रॅमचं. ८ जीबीत क्रोमचे वीस टॅब, टीम्स आणि एक्सेल एकत्र नांदत नाहीत. दुसरा स्लॉट रिकामा आहे का ते विचारून रॅम वाढवा. काही पातळ मॉडेलांत ती बोर्डावरच सोल्डर केलेली असते, म्हणून हा प्रश्न घेण्याआधीच विचारलेला बरा.

काही वेळा स्पीड ०.४० गिगाहर्ट्झच्या आसपास अडकून बसतो आणि लॅपटॉप गारच असतो. अशा वेळी पहिला संशय चार्जरवर घ्या. टाइप-सी पिन बसते म्हणून घरातला मोबाइलचा चार्जर लावला जातो. साध्या ऑफिस लॅपटॉपला बहुधा ४५ किंवा ६५ वॅट लागतात, गेमिंगवाल्याला त्याच्या कितीतरी पट. वीज पुरत नाही म्हणून लॅपटॉप वेग कापतो. सोबत आलेला चार्जर लावून पुन्हा बघा.

आता उष्णता. हात भाजला म्हणजे लॅपटॉप गेला असं नाही. जड काम चालू असताना प्रोसेसर ९० अंशांपर्यंत जाणं आजच्या पातळ लॅपटॉपमध्ये नवलाचं नाही. मॉडेलनुसार मर्यादा साधारण ९५ ते ११० अंशांची असते. एचडब्ल्यूइन्फोसारखं फुकट सॉफ्टवेअर टाकून आकडा बघा. काहीच चालू नसताना ८० दाखवत असेल, तर मात्र गडबड आहे.

वाकळेवर किंवा गादीवर ठेवून वापरणं ही घरोघरची चूक. बहुतेक लॅपटॉप खालून हवा ओढतात, आणि वाकळेत ती जाळी पार बुजते. टेबलावर ठेवा, मागची बाजू इंचभर उचला. महागड्या कूलिंग पॅडआधी एवढं करून बघा. बऱ्याच कंपन्या खोलीचं तापमान ३५ अंशांपर्यंत धरून लॅपटॉप बनवतात. कोल्हापुरात एप्रिलच्या दुपारी बाहेरच ३७-३८ होतं, पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. व्हिडिओ एडिटिंगसारखं काम सकाळी किंवा रात्री उरका. एअर कूलरचा दमट झोत थेट लॅपटॉपवर नको.

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, लॅपटॉप वापरणाऱ्यांनी जरा जास्तच जपावं. तिथली काळी बारीक धूळ नव्या लॅपटॉपचा पंखाही लवकर भरते, आणि त्यात लोखंडाचे कण असतात. शॉप फ्लोअरवर उघडा ठेवू नका. ब्लोअर मारायचा तर लॅपटॉप बंद करून, पंख्याचं पातं धरून. नाहीतर तो भलत्याच वेगानं फिरून बिघडतो.

सोबत आलेला ट्रायल अँटिव्हायरस असताना वरून दुसरा टाकू नका. एकच ठेवा, घरगुती वापराला विंडोजचा डिफेंडर पुरतो. 'पीसी क्लीनर', 'रॅम बूस्टर' असल्या गोष्टी तर उंबऱ्याच्या आतही नकोत. वॉरंटीतला लॅपटॉप उघडून थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप) बदलू नका.

बायोस, म्हणजे लॅपटॉप सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट केल्यानं कधी कधी पंख्याचं वागणं खरंच सुधारतं, पण ते कंपनीच्याच साइटवरून, चार्जर लावून करा. त्याआधी मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाची, रिकव्हरी की लिहून घ्या. नव्या विंडोज ११ लॅपटॉपवर डिस्क बऱ्याचदा आपोआप एन्क्रिप्ट म्हणजे कुलूपबंद झालेली असते. अपडेटनंतर की मागितली आणि जवळ नसली, तर डेटा गेलाच समजा.

एवढं करूनही लॅपटॉप निवांत असताना तापत असेल किंवा स्पीड सारखा बेसखाली पडत असेल, तर टास्क मॅनेजर आणि तापमान दोन्ही दिसेल असा व्हिडिओ काढून बिलासकट दुकानात जा. बदलून देण्याची मुदत अनेकदा मोजक्याच दिवसांची असते आणि ती संपली की फक्त दुरुस्ती मिळते. म्हणून ही तपासणी पहिल्याच आठवड्यात उरका, आणि तोवर खोकं, थर्माकोल काही टाकू नका.